अठरा रकाने आहेत, भरतीचा रकाना कुठे आहे?

नागपुरात पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यातील खाडी आणि किनारा मिळून आठ ठिकाणांहून मे, सप्टेंबर आणि जानेवारी अशा तीन ऋतूंत पाण्याचे नमुने घेतले. दर फेरीत प्रत्येक ठिकाणी तीन बाटल्या भरल्या, अठरा घटक तपासले आणि ७२ ओळींची एक्सेल शीट तयार केली. तिच्यावर अ‍ॅनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी), सहसंबंध, पीसीए (अनेक रकाने थोड्या मिश्र घटकांत गोळा करणारी पद्धत) आणि जल गुणवत्ता निर्देशांक असे सगळे प्रकार चालवून झाले आहेत. आता यांपैकी कशाचा निष्कर्ष ग्राह्य धरावा आणि ‘हा किनारा प्रदूषित आहे’ असे प्रबंधात लिहिता येईल का, असे त्याने विचारले आहे.

चाचणी कोणती निवडावी हा प्रश्न मी थोडा मागे ठेवतो, कारण तुमची खरी अडचण त्याच्या आधीची आहे. तुमच्या शीटमध्ये अठरा रकाने आहेत, पण नमुना घेतला तेव्हा पाणी चढत होते की उतरत होते, उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस होते की भांगाचे (लहान भरतीचे), हे सांगणारा एकही रकाना नाही. क्षारतेचा रकाना आहे, पण तो इतर सतरा घटकांच्या रांगेत त्यांच्यातलाच एक म्हणून उभा केला आहे. किनाऱ्याच्या पाण्यात या दोन गोष्टी बाकीच्या बहुतेक आकड्यांना पाठीमागून हलवत असतात. त्यांचा हिशेब आधी केला नाही, तर सांडपाण्याविषयी विचारलेल्या प्रश्नाला तुमची चाचणी चंद्राविषयी आणि पावसाविषयी उत्तर देत राहते, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

ही चूक आपल्याकडच्या माणसाकडून सहज होते, कारण आपली नजर नदीवर तयार झालेली असते. नाग नदीचा अभ्यास करताना आपण वस्तीच्या वरच्या अंगाला एक नमुना घेतो, खालच्या अंगाला एक घेतो आणि दोहोंतला फरक वस्तीच्या नावे टाकतो. ते बरोबरही असते, कारण नाग नदीचे पाणी कन्हानला, तिथून वैनगंगेला, प्राणहितेला आणि गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जाते; ते परत अंबाझरीकडे येत नाही. खाडीत मात्र वरचा अंग आणि खालचा अंग दर सव्वासहा तासांनी आपापल्या जागा बदलतात. प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला अर्धा मीटर एवढाच धरला, तरी एका ओहोटीत पाण्याचा कण सुमारे सात किलोमीटर सरकतो. तुमची खाडीतली ठिकाणे एकमेकांपासून दीड-दोन किलोमीटरवर आहेत. म्हणजे सकाळी क्रमांक दोनवर भरलेली बाटली आणि दुपारी क्रमांक चारवर भरलेली बाटली, यांत तेच पाणी असण्याची पुरती शक्यता आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्वतः यात चांगलाच फसलो होतो. एका खाडीत दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा सकाळी साडेनऊला त्याच ठिकाणी होडी उभी केली, आणि दुसऱ्या फेरीत अमोनिया निम्म्याने कमी आलेला पाहून ‘लक्षणीय सुधारणा’ असे शब्द असलेला मसुदाही तयार केला. टी-चाचणीने तो फरक सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसलेला, ठरवला होता. आमच्या होडीवरच्या तांडेलाला मी कौतुकाने ते सांगितले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “साहेब, मागल्या वेळी पंचमी होती, आज एकादशी. पाणी तेच कसं असंल?” कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीची साधारण वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पंचमीला पाऊणपट केली की पावणेचार येतात, म्हणजे सकाळी साडेनऊला ओहोटी जवळजवळ पुरी झालेली आणि खाडीच्या तोंडापर्यंत वरच्या गावांचे पाणी उतरलेले. एकादशीला सव्वाआठची भरती, म्हणजे साडेनऊला खाडीत समुद्र भरलेला. मी नोंदवलेली सुधारणा त्या समुद्राची होती. मसुदा फाडला आणि तेव्हापासून आकडेवारी उघडण्यापूर्वी दिनदर्शिका उघडतो.

याच हिशेबात एक अधिक फसवा सापळा आहे. पुष्कळ ठिकाणी दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी नमुना घेण्याची पद्धत असते आणि नियमितपणामुळे ती शास्त्रशुद्ध वाटते. पण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पंधरवड्यात सुमारे साडेबारा तासांचे आवर्तन पुरे होते. शुक्ल पक्षातल्या पंचमीची भरती आणि कृष्ण पक्षातल्या पंचमीची भरती साधारण एकाच वेळी येते, ती याचमुळे. पंधरा दिवसांनी सकाळी दहाला जाणारा माणूस मग महिनोन्महिने जवळपास त्याच अवस्थेतले पाणी भरत राहतो. त्याची आकडेवारी अत्यंत एकसारखी येते, प्रमाण विचलन लहान येते, आणि खाडीच्या उरलेल्या अवस्थांबद्दल तिच्यात काहीच नसते. नमुन्यांची संख्या वाढवून हा दोष जात नाही.

तुमच्या बाबतीत दुरुस्ती अजून शक्य आहे. क्षेत्रवहीत प्रत्येक बाटलीची वेळ लिहिलेली असेल, निदान होडी सुटल्याची आणि परतल्याची तरी असेल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकांतून त्या तारखांच्या भरतीच्या वेळा आणि उंची घ्या आणि शीटमध्ये दोन रकाने वाढवा: पूर्ण भरतीनंतर किती तासांनी नमुना घेतला, आणि त्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक किती मीटर होता. कोष्टक बंदराचे असते, खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे हे आकडे अंदाजी राहतील. तरी काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

आता ७२ या संख्येविषयी. एका ठिकाणी, एका वेळी, एकाच होडीतून भरलेल्या तीन बाटल्या हे तीन स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांतला फरक तुमच्या हाताची आणि प्रयोगशाळेची चूक किती, एवढेच सांगतो, आणि त्या कामापुरत्या त्या उपयोगीही आहेत. अ‍ॅनोव्हामध्ये मात्र त्या स्वतंत्र म्हणून घातल्या की चाचणी बाटल्यांमधल्या सूक्ष्म फरकाशी ठिकाणांमधला फरक ताडून पाहते आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट सार्थ ठरवते. तुमच्या अठरापैकी सोळा घटकांत ‘अत्यंत सार्थ’ फरक आला आहे तो बहुधा याचमुळे. तीन बाटल्यांची सरासरी घेतली की २४ ओळी उरतात. ऋतूंविषयी बोलायचे असेल तर तेवढ्याही नाहीत, कारण प्रत्येक ऋतूत तुम्ही एकदाच गेला आहात. सप्टेंबरमधला फरक पावसाळ्याचा, त्या दिवशीच्या भरतीचा की आदल्या रात्रीच्या सरीचा, हे वेगळे काढण्याचा मार्ग गणितात नाही. ऋतूंची तुलना वर्णनापुरती ठेवा आणि तिच्यापुढे पी-मूल्य (सार्थता दाखवणारा आकडा) लिहू नका. ठिकाणांची तुलना करता येईल, पण ऋतू हा गट धरून, क्रमांकांवर आधारलेल्या फ्रीडमन चाचणीसारख्या साध्या पद्धतीने. मग सोळाऐवजी तीन-चार घटक शिल्लक राहिले, तर ते तीन-चार विश्वासाचे असतील.

सहसंबंधांच्या तक्त्यालाही तोच न्याय लागतो. अठरा घटकांच्या १५३ जोड्या होतात. पाच टक्क्यांच्या पातळीवर त्यांतल्या सात-आठ जोड्या कसलाही संबंध नसताना सार्थ दिसणारच.

क्षारतेकडे येतो, कारण तुमच्या आकडेवारीत खरे काही सापडण्याची आशा मला इथेच सर्वाधिक वाटते. खाडीतले पाणी हे नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांचे मिश्रण असते आणि क्षारता त्या मिश्रणाचे प्रमाण सांगते. समजा, नदीच्या टोकाला क्षारता शून्य आणि नायट्रेट ४० एकक आहे, आणि समुद्राच्या टोकाला क्षारता ३५ आणि नायट्रेट २ एकक आहे. मग ज्या ठिकाणी क्षारता २० आहे तिथे, मध्ये काहीच घडले नाही तर, नायट्रेट सुमारे १८ एकक असायला हवे. प्रत्यक्षात ३० आले तर मध्ये कुठून तरी भर पडते आहे. १० आले तर शैवालाने किंवा गाळातल्या जिवाणूंनी ते वापरले आहे. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्या अक्षावर नायट्रेट, दोन टोकांना जोडणारी एक सरळ रेषा, आणि त्या रेषेच्या वर-खाली तुमचे आठ बिंदू. शाळकरी मुलालाही काढता येईल असा हा आलेख चार पानी पीसीएपेक्षा जास्त बोलतो. ज्या ठिकाणाचा बिंदू तिन्ही फेऱ्यांत रेषेच्या वर राहतो, तिथल्या काठावर जाऊन नाला शोधावा. दोन्ही टोके त्याच फेरीत मोजलेली असली पाहिजेत, एवढी अट मात्र आहे. मे महिन्यात नदी जवळजवळ वाहत नसते, तेव्हा हा आलेख फारसे काही सांगणार नाही, सप्टेंबरचा काढा.

पीसीएचा पहिला घटक ५२ टक्के विचलन स्पष्ट करतो, असे तुम्ही समाधानाने लिहिले आहे. त्यात कोण कोण आहे ते पाहा: क्षारता, विद्युत वाहकता, एकूण विरघळलेले क्षार, क्लोराइड, सल्फेट, मॅग्नेशियम आणि कठीणपणा. विल्यम डिटमार यांनी चॅलेंजर जहाजाने जगभरातून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण १८८४ साली प्रसिद्ध केले. समुद्राच्या पाण्यातील प्रमुख क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळपास कायम राहते, ही गोष्ट त्या कामाने पक्की झाली. म्हणजे हे सात रकाने सात वेगळे साक्षीदार नसून एकाच माणसाची सात नावे आहेत, आणि त्याने सात वेळा साक्ष दिली म्हणून त्याला बहुमत मिळाले आहे. गोड्या पाण्यात हे घटक वेगवेगळे मोजण्याला अर्थ असतो. आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा आणि त्यातले क्लोराइड यांच्या कहाण्या निराळ्या असतात. समुद्रात क्षारता ठेवा आणि बाकी सहा काढा. मग पीसीए पुन्हा चालवायचा मोह झालाच, तर २४ ओळी आणि १२ रकाने यांतून निघालेले घटक किती डळमळीत असतात हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी एक ठिकाण वगळून तो आठ वेळा चालवा. घटकांची ओळख दर वेळी बदलत असेल तर पीसीए प्रबंधातून काढून टाकावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

सीओडीचा (रासायनिक ऑक्सिजन मागणीचा) रकाना मी न बघताच ओलांडला. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते आणि डायक्रोमेट पद्धत २,००० च्या पुढे भरवशाची राहत नाही. तुम्ही जे मोजले आहे त्यात मीठच फार आहे.

ऑक्सिजनबाबत दोन सूचना. संपृक्ततेची टक्केवारी तुम्ही गोड्या पाण्याच्या कोष्टकावरून काढली आहे. ३० अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ क्षारतेच्या पाण्यात सुमारे ६.२, त्यामुळे पूर्ण संपृक्त असलेले समुद्राचे पाणीही तुमच्या शीटमध्ये ८२ टक्क्यांच्या आसपास दिसते आणि उगाच बदनाम होते. दुसरे असे की, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातले कमी ऑक्सिजनचे पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळ ऑक्सिजन बराच खाली जातो. त्यात निसर्गाचा वाटा मोठा आहे. समुद्राकडच्या ठिकाणी तळाच्या नमुन्यात सप्टेंबरमध्ये ऑक्सिजन कमी आला, तर काठावरच्या गावाला दोष देण्यापूर्वी क्षारता आणि तापमान पाहावे. पाणी थंड आणि खारे असेल तर ते बाहेरून आलेले आहे.

जिवाणूंच्या आकड्यांवर जास्त वेळ द्यावा लागेल. फीकल कोलिफॉर्मची (विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची) संख्या एका दिवसात शंभरपट बदलू शकते, म्हणून तिच्यावर साधी सरासरी चालत नाही. एका किनाऱ्यावरच्या पाच मोजण्या, १०० मिलिलिटरमागे, २०, ४०, ६०, ९० आणि ५,००० आल्या असे धरा. सरासरी १,०४२ येते, भूमितीय मध्य सुमारे ११७ आणि मध्यक ६०. मर्यादा १०० असेल तर पहिल्या आकड्याने किनारा भयंकर ठरतो, दुसऱ्याने काठावर आणि तिसऱ्याने उत्तम. मी लॉग घेऊन काम करतो आणि भूमितीय मध्य देतो, पण त्याच्या शेजारी सर्वांत मोठा आकडाही छापतो. अशा ५,००० ला तुम्ही ‘विक्षिप्त मूल्य’ म्हणून तीन प्रमाण विचलनांच्या नियमाने वगळले आहे. तो नमुना सप्टेंबरमधल्या जोरदार सरीनंतरचा होता, असे तुमच्याच वहीत आहे. गटार वाहून समुद्रात आले तो क्षण तुम्ही पकडला आणि मग तोच खोडून टाकला. तो परत घाला. एमपीएनच्या (जिवाणूंची संख्या अंदाजण्याच्या) पाच नळ्यांच्या पद्धतीत खरी संख्या छापील आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून जवळपास तिपटीपर्यंत कुठेही असू शकते, तेव्हा ९० आणि ११० यांत भेद करण्यात अर्थ नाही.

आणि एक अप्रिय गोष्ट. तुमच्या बाटल्या बर्फाच्या पेटीतून रात्रीच्या बसने नागपुरात आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तपासल्या गेल्या. जिवाणूंच्या नमुन्याची तपासणी सहा ते आठ तासांत सुरू व्हावी लागते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात कोलिफॉर्म मरतही लवकर असतात, आणि किती मेले ते आता कुणी सांगू शकणार नाही. त्यामुळे तुमचे आकडे खरोखरीच्या संख्येपेक्षा कमी असण्याची शक्यता आहे, असे स्पष्ट लिहून ते ठेवा. पुढच्या वेळी रायगडमधल्याच एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा दोन दिवसांसाठी मागून घ्या, आणि जमल्यास एंटेरोकोकाय हे विष्ठेतलेच जिवाणूही तपासा. ते खाऱ्या पाण्यात अधिक तग धरतात म्हणून जागतिक आरोग्य संघटना समुद्रस्नानासाठी त्यांनाच प्रमाण मानते.

‘आढळले नाही’ असा शेरा आलेल्या जागी तुम्ही सरसकट मोजमाप मर्यादेच्या निम्मा आकडा घातला आहे. नायट्राइटच्या २४ पैकी १५ ओळींत तसे आहे. एवढ्या मोठ्या हिश्श्यात एकच बनावट आकडा बसला की प्रमाण विचलन आणि सहसंबंध दोन्ही बनावट होतात. नायट्राइटबाबत ‘इतक्या नमुन्यांत आढळले’ एवढेच सांगा.

निर्देशांक मला मुळातच फारसा आवडत नाही, पण मार्गदर्शकांचा आग्रह आहे म्हणून तुमचे सूत्र तपासले. मर्यादेच्या व्यस्त प्रमाणात भार देणारी ती प्रचलित पद्धत आहे. आपल्या किनारी पाण्याच्या मानकांत स्नानासाठीचा जो एसडब्ल्यू-२ वर्ग आहे, त्याच्या मर्यादा अशा: सामू ६.५ ते ८.५, ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम किंवा ५० टक्के संपृक्तता यांतले जे जास्त असेल ते, बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) ३ मिलिग्रॅम, गढूळपणा ३० एनटीयू आणि फीकल कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १००. व्यस्त प्रमाण घेतले की बीओडीला सुमारे ४५ टक्के भार मिळतो आणि कोलिफॉर्मला जेमतेम १.३ टक्के. पोहणाऱ्या माणसाला ज्याने जुलाब होतील त्याचा भार सर्वांत कमी! कोलिफॉर्मची मर्यादा लिटरमागे लिहिली असती तर तो आणखी दहापट घटला असता, म्हणजे निर्देशांक पाण्यापेक्षा एककांवर अवलंबून आहे. त्याऐवजी कॅनडाची पद्धत वापरा. तिच्यात किती घटक मर्यादेबाहेर गेले, किती वेळा गेले आणि किती दूर गेले, या तीनच गोष्टी मोजतात आणि भार कुणालाच नसतो. मात्र रेवदंड्याच्या आतली खाडी आणि मुरूडची चौपाटी यांना एकच वर्ग लावू नका. कोणत्या ठिकाणी पाण्याचा वापर कशासाठी होतो ते आधी ठरवा.

शेवटी तुमचा मुख्य प्रश्न. ‘हा किनारा प्रदूषित आहे’ असे या आकडेवारीवरून लिहिता येणार नाही, आणि ‘प्रदूषित नाही’ असेही नाही. वर्षभर दरमहा एक असे १२ नमुने घेतले आणि एकही मर्यादेबाहेर गेला नाही, तरी खरोखरीचे उल्लंघन २२ टक्के वेळा होत असण्याची शक्यता ९५ टक्के विश्वासपातळीवर फेटाळता येत नाही. तुमच्याकडे तर एका ठिकाणचे तीनच प्रसंग आहेत. लिहिता येईल ते असे: अमुक ठिकाणी तिन्ही प्रसंगी क्षारतेच्या हिशेबाने अपेक्षित होते त्याहून अधिक अमोनिया आणि नायट्रेट आढळले, त्या वेळी भरतीची अवस्था अमुक होती.

प्रबंधाला अजून चार महिने आहेत असे तुम्ही लिहिता. आठही ठिकाणी पुन्हा जाण्याऐवजी रेषेच्या वर राहिलेली दोन ठिकाणे आणि समुद्राकडचे एक, अशी तीनच निवडा. एकदा उधाणात आणि एकदा भांगात, प्रत्येक ठिकाणी होडी नांगरून सलग १३ तास, दर तासाला क्षारता, तापमान आणि ऑक्सिजन, आणि दर दोन तासांनी अमोनिया आणि नायट्रेट. ऑक्सिजनचा नमुना होडीवरच स्थिर करा. एका ठिकाणाला एक दिवस धरला तर दोन्ही फेऱ्या मिळून सहा दिवसांचे काम होते, आणि होडीचे भाडे आठ ठिकाणांच्या तीन फेऱ्यांपेक्षा कमीच लागेल. तारखा ठरवण्यापूर्वी तांडेलाला फोन करून तिथी विचारा.